सोळा वॅट ते सोळा किलोवॅट : मधला खर्च कोणाचा?

ऑगस्ट २०२२मध्ये सीएसआयआर (केंद्र सरकारची वैज्ञानिक संशोधन परिषद) आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांची हायड्रोजन बस पुण्यात सर्वांसमोर आली. अशा बसचं काळीज म्हणजे फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज काढणारा घट; त्यात पाणीही तयार होतं. स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनात पैसा नेमका कुठे आटतो, हे त्याच्यावरून छान कळतं.

प्रयोगशाळेतला सेल साधारण २५ चौरस सेंटिमीटरचा. मध्ये पातळ मेम्ब्रेन (पडदा), दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा थर. चौरस सेंटिमीटरमागे एक अँपिअर घेतला तर ०.६५ व्होल्टच्या आसपास मिळतात. म्हणजे सोळा वॅट, एका एलईडी दिव्यापुरते. शोधनिबंधाला तेवढं पुरतं.

गाडीसाठी मात्र २५० चौरस सेंटिमीटरचे शंभर सेल एकावर एक रचून बोल्टांनी आवळायचे, तेव्हा कुठे सोळा किलोवॅट निघतात. या रचलेल्या चळतीला स्टॅक म्हणतात. दुखणी इथूनच सुरू होतात. सेल एकसर जोडणीत असल्याने सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. एखाद्याच्या वायू वाहून नेणाऱ्या खाचांत पाणी तुंबलं की तिथे हायड्रोजन पोहोचत नाही, पण उरलेले नव्याण्णव प्रवाह रेटतच राहतात. त्या उपाशी सेलचं व्होल्टेज उलटतं आणि प्लॅटिनमला धरून ठेवणारा कार्बनच खाल्ला जातो. पाणी कमी झालं तर मेम्ब्रेन सुकतं, तडकतं. सुट्या सेलवर यातलं फारसं काही दिसत नाही.

टिकाऊपणाची चाचणी ५,००० तासांची धरली, तर रात्रंदिवस सात महिने. पूर्ण भाराला तासाला किलोभर हायड्रोजन लागतो, म्हणजे एका स्टॅकला जवळजवळ पाच टन! तोही अतिशुद्ध, कारण कार्बन मोनॉक्साइडचे दहा लाखांत पाच-दहा भागसुद्धा प्लॅटिनम निकामी करतात.

आता पैशाकडे पाहू. जानेवारी २०२३मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनची तरतूद १९,७४४ कोटींची. त्यातले १७,४९० कोटी उत्पादनाच्या प्रोत्साहनाला, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना आणि संशोधनाला ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के. आमच्या मते हा वाटा तोकडा आहे. जुलै २०२५मध्ये मंजूर झालेली एक लाख कोटींची आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) योजना खासगी उद्योगांना कमी किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचं भांडवल देऊ पाहते. पण कर्ज ते कर्जच. स्टॅक चार हजाराव्या तासाला बंद पडला तरी हप्ता चुकत नाही.

तेव्हा संशोधकांनी निधीचा प्रस्ताव लिहितानाच चाचणीचा हायड्रोजन, सुटी मेम्ब्रेनं, गास्केटं आणि वीजबिल यांच्या वेगळ्या ओळी टाकाव्यात. उपकरणांच्या शीर्षाखाली आलेल्या पैशातून सिलिंडर भरून आणता येत नाहीत, हे बहुतेकांना मार्चएंडला समजतं.