बर्फात कुत्र्याच्या पायाला गारठा कळतच नाही?

रंकाळ्यावर सकाळी हस्की जातीची कुत्री घेऊन येणाऱ्यांकडून नेहमी ऐकतो: अलास्कात माणूस स्नोशूज घालून चालतो, कुत्रं मात्र अनवाणी, म्हणजे त्याचे तळवे बधिर. साफ चूक.

तळव्यात धमन्या आणि शिरा अगदी लगटून असतात. खाली येणारं गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं, म्हणून अंग गारठत नाही. दुखतं मात्र नक्की. बोटांमधल्या केसांत खडीसाखरेएवढे बर्फाचे खडे धरतात, कातडी सोलते. अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या शर्यतीत कुत्र्यांचे मोजे सोबत ठेवणं म्हणूनच सक्तीचं आहे.

आणि भावांनो, तोच तळवा एप्रिलच्या दुपारी आपल्या डांबरावर भाजतो. आधी स्वतःचा हात टेकवून बघा.