वनस्पतिशास्त्राच्या पदवीला कलमाच्या चाकूची जोड

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालं की गोव्यातल्या घरांत दोनच पर्याय निघतात: बी.एड. करून शाळा, नाहीतर औषध कंपनी. वाटा याहून पुष्कळ आहेत. मात्र तिथे गुणपत्रिकेइतकंच हातातलं काम पाहिलं जातं.

काजूच्या रोपवाटिकेचंच घ्या. बियांपासून वाढलेल्या बागेत प्रत्येक झाडाचं उत्पन्न वेगळं. एकसारखी बाग हवी तर कलमच लागतं. कलमाचं खालचं रोप, म्हणजे खुंट, मात्र बियांपासूनच करतात. त्यासाठी बी निवडताना लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि बुडालेलीच बी घ्यायची. देठाकडची बाजू वर ठेवून ती पिशवीत लावायची. रोप ४५ ते ६० दिवसांचं झालं की शेंडा छाटून ४-५ सें.मी. उभी चीर द्यायची आणि तेवढीच पाचर तासलेली, निवडलेल्या झाडाची १०-१२ सें.मी.ची कलमकाडी तिच्यात बसवायची. काडी मोहोर न आलेल्या फांदीची हवी. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ राखून कापली की डोळे फुगतात.

नवखे चुकतात ते काडी बसवताना. खुंटापेक्षा बारीक काडी मधोमध खोचली, तर दोन्हींचे सालीखालचे कॅम्बियमचे, म्हणजे नव्या पेशी बनवणारे, थर जुळत नाहीत आणि कलम सुकतं. निदान एका बाजूने साल सालीला भिडलीच पाहिजे. पट्टी बांधून वर घातलेली पॉलिथीनची टोपी १५ ते २० दिवसांत काढली नाही, तर दमट हवेत कोंब कुजतो. सांध्याखालचे फुटवे खुडले नाहीत, तर खुंटच फोफावतो.

चांगला माळी हे सगळं करतोच. पदवीधराचं काम त्यापुढे सुरू होतं: कोणत्या मातृवृक्षाची काडी, कोणत्या तारखेला, किती मेली, बुरशीने की सांधा न जुळल्याने, याची चोख नोंद ठेवून कारण शोधणं. आमच्या मते पगार मिळावा तो याच कामाचा.

जुन्या गोव्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची (आयसीएआर) किनारी कृषी संशोधन संस्था आहे. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या, खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भातावर तिथे काम झालं आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी वनस्पतींचा अभ्यास होतो. अशा संस्थांतल्या प्रकल्प सहायकाच्या नेमणुका मुदतीच्या असतात, हे धरूनच अर्ज करा.

झाडं ओळखता येणाऱ्यांची गरज आणखी एका ठिकाणी आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे तिथल्या जीवसृष्टीच्या नोंदी, करायच्या असतात. त्यासाठी शास्त्रीय नावासोबत गावातलं नाव आणि वापरही लिहावा लागतो. नमुना घेताना फूल किंवा फळ असलेलीच फांदी घ्या. नुसत्या पानांवरून पुष्कळदा प्रजातीपर्यंत पोचता येत नाही. पावसाळ्यात नमुना दाबून सुकवायच्या दाबपट्टीतले कागद सुरुवातीला रोज बदला, नाहीतर नमुना काळा पडतो.

भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही वनस्पतिशास्त्राची पदवी चालते. पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच असते. गोवा सरकारच्या नोकरीसाठी मात्र कोंकणी यावी लागते आणि रहिवासाचा दाखलाही लागतो. तो शेवटच्या वर्षातच काढून ठेवा.