बापाची हाक : छळछावणीच्या साहित्यातले बाप-लेक

नाझी छळछावण्यांतून वाचून आलेल्यांची पुस्तकं वाचताना एक जोडी पुन्हा पुन्हा भेटते : वयात येऊ घातलेला मुलगा आणि चाळिशी-पन्नाशीचा बाप. हा लेखकांच्या आवडीनिवडीचा भाग नव्हता. ती जोडी फलाटावरच्या निवडीनं तयार केली होती.

१९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजांनी हंगेरी ताब्यात घेतलं. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत तिथल्या सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना रेल्वेनं हलवण्यात आलं, बहुतेकांना थेट ऑशविट्झ-बिर्केनाऊला. उतरल्या उतरल्या पुरुष एका रांगेत आणि बायका दुसऱ्या रांगेत. लहान मुलं आईबरोबर जात आणि आईसकट विषारी वायूच्या कोठडीत. म्हातारेही त्याच वाटेनं. कामाला जुंपता येतील तेवढे उरत. म्हणून जी घरं पूर्ण पुसली गेली नाहीत, त्यांतले बरेचदा थोरला मुलगा आणि अजून धडधाकट दिसणारा बाप, किंवा आई आणि मोठी मुलगी, एवढेच एकमेकांना उरले.

छावणीतून वाचून पुढं लेखक झालेला एली वीझेल आणि त्याचे वडील श्लोमो यांचं असंच झालं. ट्रान्सिल्व्हेनियातलं सिगेत हे त्यांचं गाव तेव्हा हंगेरीच्या ताब्यात होतं. श्लोमो दुकानदार. समाजात त्यांच्या शब्दाला वजन होतं, लोक सल्ल्याला येत. घरात मात्र माया बोलून दाखवायचा स्वभाव नव्हता. मुलापेक्षा गावाची काळजी जास्त, असं मुलानंच लिहून ठेवलं आहे. फलाटावर एका कैद्यानं दोघांना दबक्या आवाजात बजावलं : तू अठरा वर्षांचा आहेस, आणि तुम्ही चाळीस वर्षांचे. मुलगा पंधरा वर्षांचा होता, बाप पन्नास. त्या खोट्यावर दोघं त्या दिवशी वाचले. आई आणि धाकटी बहीण त्सिपोरा पुन्हा दिसल्या नाहीत.

‘नाइट’ या त्याच्या पुस्तकातला मला सगळ्यात जड जाणारा प्रसंग मृत्यूचा नाही. पहिल्याच दिवशी वडिलांच्या पोटात कळ येते आणि ते पहारेकरी कैद्याला अदबीनं विचारतात, शौचालय कुठं आहे. तो त्यांना नखशिखांत न्याहाळतो आणि अशी थप्पड मारतो, की ते जमिनीवर कोसळतात आणि रांगत आपल्या जागी परततात. मुलगा जागचा हलत नाही. कालपर्यंत मी त्याच्या अंगात नखं रुतवली असती, असं तो मनाशी म्हणतो. एका दिवसात आपण इतके बदललो? बाप उलट त्याच्या कानाशी येऊन म्हणतो, लागलं नाही मला. गालावर थपडेचा लाल वळ अजून तसाच असतो.

इथून नातं उलटं व्हायला लागतं. सिगेतमध्ये बापाला सगळं कळायचं. ऑशविट्झच्याच बुना या कामगार छावणीत त्यांना पावलं जुळवून चालता येत नाही, म्हणून मार बसतो आणि बराकीसमोर मुलगा त्यांना चालायला शिकवतो. निवडीच्या वेळी आपण आता सुटत नाही असं वाटून वडील त्याच्या हातात सुरी आणि चमचा ठेवतात. बापाकडून मुलाला मिळालेला वारसा तेवढाच.

१९४५च्या जानेवारीत सोव्हिएत लाल सैन्य जवळ आल्यावर कैद्यांना बर्फातून पळवत नेलं गेलं. रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलियाहू आपल्या मुलाला शोधत फिरतात. तीन वर्षं दोघं एकत्र राहिलेले. वीझेलला आठवतं, की मुलानं बापाला मागं पडताना पाहिलं होतं आणि तो पुढंच धावत राहिला होता. ज्या देवावरचा विश्वास उडालाय त्यालाच तो विनवतो, की माझ्याकडून असं होऊ देऊ नकोस. पुढं रेल्वेच्या उघड्या डब्यात पावाच्या तुकड्यासाठी एक मुलगा बापावर तुटून पडतो. बाप सांगत असतो, तुझ्यासाठीही आणलाय. बाप मरतो, आणि तुकड्यावर झेपावलेले लोक मुलालाही जिवंत सोडत नाहीत.

जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छावणीत श्लोमो हगवणीनं खंगले. इथं बाप नसतो, भाऊ नसतो, मित्र नसतो, तुझा पाव तूच खा, असं बराकीचा प्रमुख मुलाला सांगतो. ते ऐकून मुलाला क्षणभर पटतं आणि लगेच स्वतःची शरम वाटते. २८ जानेवारीच्या रात्री अधिकाऱ्याचा फटका डोक्यावर बसला तेव्हा वडील मुलाचंच नाव घेत होते. तो वरच्या फळीवर होता. उतरला नाही. सकाळी त्या जागी दुसराच आजारी माणूस होता. बापामागं मुलानं कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायची, ही ज्यू परंपरा. इथं प्रार्थना झाली नाही, मेणबत्ती लागली नाही. ११ एप्रिलला छावणी मुक्त झाली.

सगळेच मुलगे असे वागले, असं नाही. व्हिएन्नाचा फ्रिट्झ क्लाइनमान १९३९मध्ये वडिलांबरोबर बुखेनवाल्डला गेला. १९४२मध्ये वडिलांचं नाव ऑशविट्झच्या यादीत आलं तेव्हा त्यानं मलाही पाठवा असं स्वतः मागितलं. दोघंही वाचले. म्हणून वीझेलच्या गोष्टीला ‘माणूस उपासमारीत असाच होतो’ असं लेबल लावणं मला अन्यायाचं वाटतं. आधी छावणीनं बापाकडून कमावणं, शहाणपण, शब्दाचं वजन हे सगळं काढून घेतलं. मग त्याचं भुकेलं अंग पोराच्या खांद्यावर टाकलं.

वीझेलनं हे आधी यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, लिहिलं. ‘आणि जग गप्प राहिलं’ अशा अर्थाच्या नावानं ते १९५६मध्ये ब्युनोस आयरेसला छापलं गेलं. बरंच कापून बेतलेली फ्रेंच आवृत्ती फ्रेंच लेखक फ्रान्स्वा मोरियाकच्या प्रस्तावनेसह १९५८मध्ये आली, इंग्रजी १९६०मध्ये. कापलेल्या भागात वडिलांच्या शेवटच्या रात्रीचा मजकूरही होता : ते बोलावत होते आणि मार बसेल या भीतीनं मी गेलो नाही, हे मी स्वतःला कधीच माफ करणार नाही. तो फार खासगी वाटला म्हणून वगळला होता. २००६च्या नव्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं तो वाचकांपुढं ठेवला, वयाच्या सत्तरीनंतर.

आश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंमध्ये गेलेल्या माणसाचं नाव बाळाला द्यायची रीत आहे. १९७२मध्ये वीझेलला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं श्लोमो एलिशा.