रिसेलर की व्हीपीएस? पाटी दोन्हीकडे तुमचीच, पण रात्री उठायचं कोणी?

शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा नर्सरीवाल्याची साइट करून दिली, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "भाऊ, आपल्याकडची लाइन गेली तं साइट बंद पडन काय?" नाही पडत. मशीन मुंबईकडच्या डेटा सेंटरमध्ये, आपल्याकडे नुसता लॅपटॉप आणि मोबाइलचं नेट. म्हणून तर तालुक्याच्या गावी बसून होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या साइटला सर्व्हरवर जागा भाड्यानं द्यायचा, धंदा होतो. ती जागा आपल्याला दोन तऱ्हेनं मिळते : रिसेलर, म्हणजे कंपनीच सांभाळते त्या सर्व्हरवरची, आणि व्हीपीएस, म्हणजे आपणच सांभाळायचा सर्व्हरचा तुकडा. पण धंद्यात उतरू पाहणारी पोरं विचारतात ते वेगळंच : "रिसेलर घेऊ का व्हीपीएस? दोन्हीत डब्ल्यूएचएमच तर दिसते."

दिसतं खरं, आणि घोळ तिथंच होतो. डब्ल्यूएचएम म्हणजे ग्राहकांची सीपॅनेल (साइट सांभाळायचं पॅनेल) खाती उघडायची, बंद करायची, कोणाला किती जागा ते ठरवायची खिडकी. दोन्हीकडे तीच खिडकी, तेच रंग. पण रिसेलरच्या डब्ल्यूएचएममध्ये डावीकडची यादी आखूड असते. खातं उघडा, पॅकेज करा, पासवर्ड बदला, इतपतच. डेटाबेस किंवा मेल सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचं बटण शोधाल तर बहुधा सापडायचं नाही, कारण रूटचा, म्हणजे मशीनवर सगळं करता येण्याचा, अधिकार वरच्या कंपनीकडे असतो. व्हीपीएसवर तो अधिकार तुमचा, आणि त्याच्यामागून येणारी कटकटही तुमचीच.

आपल्या भाषेत सांगायचं तर रिसेलर म्हणजे ठोक्यानं घेतलेलं वावर, त्यात विहीर, मोटर, तारेचं कुंपण सगळं मालकाचं. तुम्ही फक्त पेरा. व्हीपीएस म्हणजे धुरा आखून दिलेला कोरा तुकडा. एका मोठ्या मशीनचे सॉफ्टवेअरनं भाग पाडलेले असतात, त्यातला ठरावीक मेमरीचा आणि डिस्कचा एक तुमचा. विहीर तुम्हीच खणायची. व्हीपीएसवाले "माझा सर्व्हर" म्हणून मिरवतात, पण सातबारा तिथंही त्यांच्या नावावर नसतोच. दोघंही भाडेकरू. मग फरक काय? बिघडलं की कोण उठतं, एवढाच.

रिसेलरवर असताना एका कॉन्व्हेंट शाळेच्या निकालाच्या दिवशी वरचा सर्व्हर झोपला. पालक शाळेला फोन करतात, शाळा मला, आणि मी? कंपनीकडे तक्रारीचं तिकीट टाकून बसलो. तीन तास "आमचे इंजिनिअर बघत आहेत" हे एकच वाक्य मी मराठीत सांगत होतो. हात बांधलेले असणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. रिसेलरचं दुसरं दुखणं शेजाऱ्याचं. त्याच मशीनवर भलत्याच कोणाचं खातं हॅक होऊन स्पॅम सुटलं, की सगळ्यांचा सामाईक आयपी (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) काळ्या यादीत जातो आणि तुमच्या जिनिंगवाल्याचे मेलही अडकतात. आणि "अमर्याद जागा" या शब्दावर भाळू नका. करारात खाली आयनोडची मर्यादा असते, म्हणजे फाइलींची मोजदाद. वर्डप्रेसची कॅश आणि वर्षानुवर्षांचे मेल ती गुपचूप खातात.

म्हणून रागानं व्हीपीएस घेतला. पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली बैलजोड्या उभ्या, डफडं वाजतंय, आणि खिशात फोन थांबेना. सगळ्या साइटवर डेटाबेस जोडता येत नसल्याचा संदेश. मोबाइलवरूनच एसएसएचनं सर्व्हरमध्ये शिरलो, अंगठ्यानं डिस्कची जागा दाखवणारं "डीएफ" टाइप केलं, तर डिस्क १००% भरलेली. रोजचे बॅकअप मीच त्याच डिस्कवर साठवत होतो. जागा संपली तसा डेटाबेस थांबला. आठवड्याचे जुने बॅकअप उडवले, सेवा पुन्हा सुरू केली, एक टेबल दुरुस्त केलं. अर्ध्या तासात जमलं, कारण रूट माझ्याकडे होतं. आणि मुळात बिघडलंही माझ्याच हातानं, तेही रूट माझ्याकडे होतं म्हणूनच. बॅकअप दुसऱ्या मशीनवर ठेवा. हे रिसेलरवाल्यांनाही लागू आहे, वरची कंपनी ठेवते म्हणून निर्धास्त राहू नये.

मेलचं मात्र व्हीपीएसवर फार जड जातं. बऱ्याच क्लाउड कंपन्या नव्या खात्याला पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, बंदच ठेवतात. उघडून मिळालं तरी आयपीचं उलट नाव (आयपीवरून डोमेन सांगणारी नोंद) लावून घ्या, मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलं हे पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम बसवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं पाठवणाऱ्यांवरचे नियम कडक केलेत. आणि मिळालेला आयपी आधीच्या भाडेकरूनं नासवलेला निघाला, तर तो स्वच्छ करायलाच महिना जातो. रिसेलरवर यातलं बरंचसं वरचे लोक सांभाळतात. नव्या माणसासाठी मला ही एकच गोष्ट रिसेलरच्या बाजूनं पुरेशी वाटते.

खर्चात बाहेरून व्हीपीएस स्वस्त दिसतो. पण पॅनेलचा परवाना वेगळा. सीपॅनेलनं २०१९ साली आकारणी खात्यांच्या संख्येवर नेली, म्हणजे ग्राहक वाढले की परवानाही महागतो. फुकटची पॅनेल आहेत, पण अडलं की विचारायचं कोणाला?

कायद्याचंही बघून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. व्हीपीएसवर ते लॉग तुमच्याच हातात, तुमच्याच डिस्कवर.

पहिले वीस-पंचवीस ग्राहक होईपर्यंत रिसेलरच बरा, असं माझं मत. फक्त एक काम पहिल्याच दिवशी करा : कंपनीचे नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या मशीनवर आहे ते सांगणारे सर्व्हर) ग्राहकाला देऊ नका. स्वतःचं डोमेन घ्या, त्याच्या नावानं नेमसर्व्हर नोंदवा आणि सगळ्यांची डोमेन तिकडे वळवा. पुढं व्हीपीएसवर जायचं ठरलं, तर खाती तिकडे उतरवून घ्यायची आणि आयपी आपल्या एकाच डोमेनवर बदलायचा. ग्राहकाला फोन करून "हे बदला, ते बदला" सांगावं लागत नाही. नर्सरीवाल्याची साइट मी अशी दोनदा हलवली, त्याला अजून पत्ता नाही. परवा भेटला तेव्हा विचारत होता, लाइन गेली होती तरी साइट कशी काय चालली?