नवा टॅब की नवं सॉफ्टवेअर: छोट्या टॅब्लेटवाल्यांच्या दोन आशा

ऑक्टोबर २०१४ मध्ये ॲपलने आयपॅड मिनी ३ आणला. आदल्या वर्षीच्या मिनी २ पेक्षा त्यात जास्तीचं काय होतं? बोटाचा ठसा ओळखणारं बटण आणि सोनेरी रंग. चिप तीच, ए७. रॅम तीच, १ जीबी. पुढे दोघांची गाडी एकाच स्टेशनात थांबली: आयओएस १२, म्हणजे ॲपलच्या ऑपरेटिंग सिस्टीमची बारावी आवृत्ती. त्यापुढची आवृत्ती दोघांनाही मिळाली नाही. गंमत म्हणजे मिनी ३ वर्षभरात दुकानांतून गेला आणि मिनी २ मात्र मार्च २०१७ पर्यंत विकला जात होता.

'नवं मॉडेल आलंय, म्हणजे अपडेटही जास्त वर्षं येतील' हा हिशोब इथे साफ चुकतो. हार्डवेअर सुधारणं म्हणजे कंपनीने पुढच्या मॉडेलमध्ये नवी चिप, जास्त रॅम, चांगला पडदा देणं. तुमच्या हातातल्या टॅबला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याची रॅम बोर्डावर पक्की जोडलेली असते, कुठल्याही दुकानात ती वाढवून मिळत नाही. सॉफ्टवेअर सपोर्ट म्हणजे आधीच विकलेल्या टॅबसाठी कंपनी जे पाठवत राहते ते. दोन्हींची घोषणा बरेचदा एकाच झगमगाटात होते, म्हणून ती एकच वाटतात.

सपोर्टचं घड्याळ तुम्ही बिल फाडता तेव्हा सुरू होत नाही. मॉडेल बाजारात आलं तेव्हाच ते सुरू झालेलं असतं, आणि खरं तर त्याच्याही आधी, त्यातली चिप आली तेव्हा. पहिला आयपॅड मिनी २०१२ चा, पण त्यातली ए५ चिप २०११ च्या आयपॅड २ मधली. हा मिनी जून २०१५ पर्यंत विकला गेला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या आयओएस १० ने त्याला दाराबाहेर ठेवलं. शेवटी शेवटी स्वस्त मिळतोय म्हणून ज्यांनी तो घेतला, त्यांना जेमतेम सव्वा वर्ष मिळालं. छोट्या टॅबच्या बाबतीत हे फार होतं, कारण कंपन्या ही मॉडेलं वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. मिनी ४ आला २०१५ मध्ये, मिनी ५ थेट २०१९ मध्ये. मधल्या काळात दुकानात गेलेल्याला 'सध्याचं मॉडेल' म्हणून जुनीच चिप मिळत होती.

सपोर्टच्या पोटातही दोन वेगळ्या गोष्टी आहेत: नवी आवृत्ती आणि सुरक्षा पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारं छोटं अपडेट). मिनी २ ला २०१८ च्या आयओएस १२ नंतर नवी आवृत्ती मिळाली नाही, पण जानेवारी २०२३ मध्ये त्याच्यासाठी आयओएस १२.५.७ हा सुरक्षा पॅच आला. म्हणजे टॅब वाऱ्यावर सोडलेला नव्हता. मात्र पॅच आला म्हणून ॲप चालतील असं नाही. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने आयपॅडसाठी स्वतंत्र ॲप काढलं, ते आयओएस १२ वर बसत नाही. बँकांच्या ॲपचंही तसंच. ठरावीक आवृत्तीच्या खाली ती उघडतच नाहीत. घरातला जुना टॅब 'बिघडला' असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा तो ठणठणीत असतो, ॲपवाले पुढे निघून गेलेले असतात.

आता उलट बाजू. अपडेट येतं, पण यंत्राला ते झेपत नाही. गूगलचा २०१२ चा नेक्सस ७ आठवतोय? आसूसने बनवलेला, टेग्रा ३ चिप, १ जीबी रॅम, अमेरिकेत १९९ डॉलरपासून. अँड्रॉइड ४.१ घेऊन आला आणि त्याला ५.१ पर्यंत अपडेट मिळालं. कागदावर सपोर्ट उत्तम. प्रत्यक्षात लॉलीपॉप (अँड्रॉइड ५) चढवल्यावर तो इतका रखडू लागला की अनेकांनी पुन्हा जुनी आवृत्ती टाकून घेतली. स्टोरेज मुळात संथ आणि रॅम तोकडी. नव्या आवृत्तीने त्याचं वय उघडं पाडलं इतकंच. २०१३ चा नेक्सस ७ दुप्पट रॅममुळे पुष्कळ टिकला, पण अधिकृत अपडेट ६.० च्या पिढीत संपले. यंत्रात दम असूनही.

अँड्रॉइडमध्ये असं होण्याचं कारण म्हणजे अपडेट एकट्या टॅब कंपनीच्या हातात नसतं. चिप बनवणाऱ्याने नव्या आवृत्तीसाठी आपले ड्रायव्हर (चिपला सिस्टीमशी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) द्यावे लागतात; त्याने हात वर केले की पुढचं काम अवघड आणि महाग होतं. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने, म्हणजे चिपचा भाग अँड्रॉइडपासून वेगळा ठेवणाऱ्या गूगलच्या नव्या रचनेने, हा गुंता काहीसा सोडवला, पण स्वस्त टॅबसाठी खर्च करायची कंपनीची इच्छा ट्रेबल कुठून आणणार? म्हणून आश्वासन वाचताना दोन आकडे वेगवेगळे शोधा. सॅमसंगने २०२२ मध्ये टॅब एस८ साठी '४ अपग्रेड आणि ५ वर्षं सुरक्षा पॅच' असं सांगितलं होतं. विक्रेता त्यातला मोठा आकडा सांगतो, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात फसवी जोडी मात्र सध्याची: मिनी ६ आणि मिनी ७. बाहेरून जवळजवळ सारखे, ८.३ इंचांचा तोच ६० हर्ट्झचा पडदा. मिनी ६ (२०२१) मध्ये ए१५ आणि ४ जीबी रॅम. मिनी ७ (ऑक्टोबर २०२४, तेव्हा भारतात ४९,९०० रुपयांपासून) मध्ये ए१७ प्रो आणि ८ जीबी. आयपॅडओएस २६ (आयपॅडच्या सिस्टीमचं आताचं नाव आयपॅडओएस) दोघांनाही मिळालं, अगदी २०१९ च्या मिनी ५ लाही. पण ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलच्या एआय सुविधा, फक्त मिनी ७ वर. म्हणजे आवृत्तीचा नंबर एक, आतला माल वेगळा. 'सपोर्ट आहे' या दोन शब्दांत हा फरक दिसतच नाही.

पुढच्या मिनीत ओएलईडी (गडद काळा आणि ठळक रंग दाखवणारा) पडदा येणार अशी चर्चा आहे आणि अनेकजण त्यासाठी थांबलेत. पडद्यासाठी थांबायचं तर जरूर थांबा, जुन्या मिनीचा पडदा खरोखरच मागासलेला आहे. पण पडद्याने सपोर्टचं आयुष्य वाढत नाही. ते चिप, रॅम आणि कंपनीच्या इच्छेवर ठरतं.

माझं मत विचाराल तर वाचन, व्हिडिओ आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर बऱ्यापैकी कमी किमतीतला मिनी ६ आजही चालेल. किंमत जवळजवळ सारखी असेल तर मिनी ७ च. दहा-बारा हजारांचा अँड्रॉइड टॅब घेणार असाल तर ४ जीबी रॅमच्या खाली उतरू नका, आणि तो वापरलेला असेल तर पैसे देण्याआधी सेटिंग्जमध्ये अँड्रॉइड आवृत्तीच्या पानावर सुरक्षा पॅचची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल आणि सिस्टीम अपडेट तपासल्यावर 'तुमचं डिव्हाइस अद्ययावत आहे' असं उत्तर आलं, तर त्या टॅबसाठी कंपनीने काम थांबवलंय असं समजूनच भाव करा.