चोथ्याची पन्नास वर्षं

इंदूरच्या मराठी घरांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आपण शाकाहारी, आपल्याला कसली भीती!" समोर पोहे-जिलबीची प्लेट असते. या समजुतीचा माग काढायचा तर आधी युगांडाला जावं लागतं.

डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडाच्या राजधानीत, कंपालात काम करत. युरोपात सर्रास आढळणारा हा कर्करोग तिथल्या गावकऱ्यांत क्वचितच दिसे. 1971 मध्ये त्यांनी मांडलं, की फरक चोथ्याचा, म्हणजे अन्नातल्या न पचणाऱ्या तंतूंचा असावा. मग मोजलं काय, तर शौच! क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला दिल्या. ब्रिटिश नौसैनिकांच्या पोटातून त्या बाहेर पडायला सुमारे साडेतीन दिवस लागले, युगांडाच्या खेडुतांना दीड. बर्किट यांचा मुख्य रोख मटणावर नव्हता, कोंडा काढून टाकलेल्या पिठावर होता. आपल्याकडे हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

पुढे बाजू उलटसुलट होत राहिली. 1999 मध्ये अमेरिकेतल्या 88,757 परिचारिकांच्या अभ्यासात चोथ्याचा फायदा दिसला नाही. 2003 मध्ये युरोपातल्या 10 देशांच्या, पाच लाखांवर लोकांच्या पाहणीत तो पुन्हा दिसला. दरम्यान एक कारणही पुढे आलं होतं: आतड्यातले जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात.

मांसावरचा ठपका 2015 चा. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन वगैरे खाल्लं तर धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथीयांच्या पाहणीत शाकाहाऱ्यांना धोका 22 टक्क्यांनी कमी आढळला. पण ब्रिटनमधल्या शाकाहाऱ्यांत 2009 साली तो उलट थोडा जास्तच निघाला होता!

त्यामुळे प्रश्न बदलला: शाकाहार ठीक, पण कोणता? 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत अख्खं धान्य, डाळी, भाज्या, फळं खाणाऱ्या पुरुषांना धोका 22 टक्क्यांनी कमी दिसला; बायकांत तसा फरक आढळला नाही. मैदा, साखर आणि बटाटे त्या मोजणीत वेगळ्या, उणे गुणांच्या यादीत होते. माळव्यातली, म्हणजे इंदूरच्या परिसरातली जुनी ज्वारीची भाकरी पहिल्या यादीतली. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतली कचोरी आणि जिलबी, दोन्ही निखळ शाकाहारी, दुसऱ्या.