पत्त्यांची माळ आणि चहाचा डाग

"मामा, क्लास म्हणजे काय ओ?"

रात्री नऊ वाजता भाचीचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी तिची प्रोग्रामिंगची तोंडी परीक्षा होती. वहीत व्याख्या सुवाच्य अक्षरात उतरवलेली: क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा आराखडा, आणि ऑब्जेक्ट म्हणजे क्लासचा नमुना. "पहिलं कळायला दुसरं लागतंय, आणि दुसरं कळायला पहिलं," ही तिची तक्रार. रास्तच होती.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात आम्हाला गाढ झोप लागते. जाग येते ती माग बंद पडल्यावर. तिला घेऊन तिकडेच गेलो.

जकार्ड मागाच्या माथ्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांब माळ फिरत असते. पत्त्यावर भोकं पाडलेली. भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याच्यासोबत ताण्याचा उभा धागा. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, धागा खालीच राहतो. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधल्या फटीतून आडवा धागा गेला, की पुढचा पत्ता समोर येतो. असं ओळीमागून ओळ करत फूल उमटतं. आता काही ठिकाणी पत्त्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले आहेत, पण तत्त्व तेच.

फ्रान्समधल्या लिऑंच्या जोसेफ मारी जकारनं 1804 च्या सुमारास हा माग आणला. पुढं इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी असेच पत्ते वापरायचं ठरवलं. जकारचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं, असं त्या यंत्रावर टिपणं लिहिणाऱ्या एडा लव्हलेसनं 1843 मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे गल्लीत कॉम्प्युटर क्लासेसच्या पाट्या लागायच्या कितीतरी आधी आमच्याकडे पत्त्यांवर चालणारं यंत्र खडखडत होतं.

आता भाचीची व्याख्या. पत्त्यांची माळ म्हणजे क्लास. ती अंगावर घेऊन झोपता येत नाही. त्या माळेवरून विणलेली प्रत्येक चादर हा एकेक ऑब्जेक्ट. माळ एक, चादरी शेकडो. चादर मागावर चढताना सूत कुठल्या रंगाचं आणि लांबी किती, हे सांगावं लागतं. प्रोग्राममध्ये ऑब्जेक्ट तयार होताना अशी माहिती भरून घेणाऱ्या भागाला कन्स्ट्रक्टर म्हणतात. रंग, लांबी, किंमत हे झाले त्या ऑब्जेक्टचे गुणधर्म. उद्या एका चादरीवर चहा सांडला, तर डाग त्या एकाच चादरीवर पडेल. बाकीच्या चादरी स्वच्छ राहतात आणि माळेतल्या पत्त्यांनाही काही होत नाही.

बहुतेक कॉम्प्युटर क्लासेसमध्ये शिकवणं इथंच संपतं. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि त्यासाठी चादरीची उपमा पुरत नाही. चादर बिचारी पडून असते, तिला कुणी काही विचारत नाही. प्रोग्राममधला ऑब्जेक्ट मात्र माहितीही बाळगतो आणि कामही करतो. त्याच्या कामांना मेथड म्हणतात.

शेजाऱ्यांच्या त्याच कारखान्यात पूर्वी मालाची एक वही असायची. मालक, मुकादम आणि दुकानातला पोरगा असे तिघंही तीत लिहायचे. समजा, शिल्लक 40 चादरी. मुकादमानं 25 वजा केल्या, पोरानं न बघता 20. शिल्लक उणे 5. उणे पाच चादरींची घडी कशी घालतात, हे अजून कुणाला जमलेलं नाही. मोठ्या प्रोग्राममध्ये हाच घोळ होतो. आकडा उघड्यावर पडलेला, कुठूनही कुणीही बदलावा, आणि चूक उमगली की हजारो ओळी उपसत बसावं.

उपाय साधा. वही कपाटात, किल्ली दिवाणजींकडे. वहीला कुणी हात लावायचा नाही. "25 चादरी द्या" असं दिवाणजींना सांगायचं. ते शिल्लक बघतील, असेल तर देतील, नसेल तर तोंडावर नाही म्हणतील. प्रोग्राममध्ये शिल्लक हा आकडा खासगी ठेवायचा आणि तो बदलायची वाट एकच, विक्री नावाची मेथड. हे एन्कॅप्सुलेशन. हिशेब चुकला तर बघायची जागा एकच. उद्या दिवाणजींनी वही टाकून संगणक घेतला तरी मागणाऱ्याला फरक पडत नाही. आतली भानगड झाकून मोजकंच बाहेर दाखवणं, हे अ‍ॅब्स्ट्रॅक्शन. दोन्हींत गल्लत होते, आणि खरं सांगायचं तर ती दोन्ही एकमेकांत विणलेलीच आहेत.

'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' (म्हणजे ऑब्जेक्टवर आधारलेलं प्रोग्रामिंग) हा शब्द रूढ करणारे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के जीवशास्त्र आणि गणित शिकलेले. शरीरातल्या पेशी जशा आपलं आतलं सांभाळून एकमेकींना निरोप धाडतात, तसे ऑब्जेक्ट त्यांच्या डोळ्यांसमोर होते. 'ऑब्जेक्ट' या शब्दामुळं लोकांचं लक्ष भलतीकडे गेलं, मुख्य गोष्ट निरोपांची होती, अशी खंत त्यांनी 1998 मध्ये व्यक्त केली. मूळ कल्पना मात्र त्यांच्याही आधीची, नॉर्वेतली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामं यांची नक्कल संगणकावर करायची होती. त्यातून आलेल्या सिम्युला 67 या प्रोग्रामिंगच्या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट आणि इन्हेरिटन्स तिन्ही होते. दोघांना 2001 चा ट्युरिंग पुरस्कार हा संगणकशास्त्रातला मोठा सन्मान मिळाला. 2002 मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं दोघंही गेले.

इन्हेरिटन्स म्हणजे वारसा. 'कापड' या क्लासमध्ये सूत, लांबी, किंमत एकदाच लिहायची; चादर आणि टॉवेल यांना ते आपोआप मिळतं आणि टॉवेल आपल्या अंगावरच्या धाग्यांच्या फासांची भर घालतो. नवशिक्यांना याचा फार सोस. टॉवेलला लांबी-रुंदी हवी म्हणून थेट चादरीचा वारस करून मोकळे होतात. आधी विचारावं, टॉवेल ही चादर आहे का? नाही ना, मग वारसा नको.

पॉलिमॉर्फिझमचं नाव अवघड, काम सोपं. दुकानात पोराला "सगळ्याला घडी घाल" एवढंच सांगतात. चादरीची घडी वेगळी, नॅपकिनची वेगळी. हुकूम एकच. प्रोग्राममध्ये फरक एवढाच, की घडी पोराच्या डोक्यात नसते, ज्याची त्याच्याजवळ असते. उद्या बेडशीट आलं तर त्याची घडी तेच घेऊन येतं. हुकूम बदलावा लागत नाही.

परतताना भाचीनं विचारलं, "एकाच माळेवरच्या, एकाच रंगाच्या दोन चादरी. त्या सारख्या का एकच?"

प्रश्न नेमका होता. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन बरोबर-चिन्हं लावून असे दोन ऑब्जेक्ट ताडले तर उत्तर 'नाही' येतं, कारण तिथं दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का, एवढंच बघितलं जातं. रंग, लांबी, नक्षी ताडायची तर 'इक्वल्स' नावाची मेथड आपल्याला हवी तशी लिहून द्यावी लागते.

घरी आलो तर आजी दोन सारख्या चादरींतून आपली शोधत होती. टोक उलटून बघितलं, चहाचा डाग दिसला, आणि ती चादर ओढून झोपली.